सायकलची शेंडी

जगांत कापल्यावर पुन्हां वाढणाऱ्या वस्तु थोड्या नाहींत. नखें वाढतात, केस वाढतात, परसांतील कढीलिंब तर जितका छाटावा तितका अधिक जोमानें फुटतो. आमच्या आजोबांनीं कॉलेजांत असतांना मित्रांच्या आग्रहावरून शेंडी कापली, तेव्हां घरांत तीन दिवस त्यांच्याशीं कोणी बोललें नाहीं, असें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु पुढें पणजोबांचें मन राखण्यासाठीं त्यांनीं ती पुन्हां वाढविली, व प्रकरण मिटलें. ज्या शेंडीविषयीं आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत, ती मात्र या जातीची नाहीं. ती एकदां कापली कीं कायमचीच गेली. ही शेंडी सायकलची आहे. आणि ती आम्ही स्वतःच्या हट्टानें कापवून बसलों, म्हणूनच तिच्याविषयीं बोलण्याचा थोडाबहुत अधिकार आम्हांस पोहोंचतो.

आमचें घर पनवेलचें. पनवेल हें पूर्वीपासून वाटसरूंचें गांव. गांवाबाहेर पळस्पे फाट्यावर रस्त्याला दोन फांटे फुटतात. एक खालापूर-खोपोलीवरून बोरघाट चढतो, दुसरा कर्नाळ्याच्या पायथ्यावरून कोंकणांत उतरतो. ज्याच्या घरीं सायकल आहे आणि पायांत थोडी रग आहे, त्यास रविवारीं सकाळीं या दोहोंपैकीं एका रस्त्यानें गेल्यावांचून चैन पडत नाहीं. आमचे वडील कोंकणच्या रस्त्याचे भक्त होते. पहांटे निघावें, वासुदेव बळवंत फडक्यांचें जन्मगांव जें शिरढोण तें ओलांडावें, कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका उन्हांत न्हातांना पाहावा आणि पूजेच्या वेळेस घरीं यावें, हा त्यांचा नेम होता.

त्यांची सायकल काळी, चोवीस इंची, सळयांच्या ब्रेकची होती. ती त्यांची असें म्हणावयाचें एवढेंच. वास्तविक ती साऱ्या घराची होती. रविवारीं वडील, इतर दिवशीं बाजारास धाकटे काका, शाळेस आमचे थोरले बंधु, आणि सुटीच्या दिवशीं दुपारीं, मोठीं माणसें निजलीं म्हणजे, आम्ही. एवढ्या निरनिराळ्या उंचीच्या माणसांस एकच सायकल कशी पुरली, याचें रहस्य तिच्या हँडलांत होतें. जुन्या सायकलीच्या हँडलचा दांडा पुढच्या नळीच्या पोटांत खोल उतरलेला असतो. त्याच्या मधून एक लांब बोल्ट जातो, व त्याच्या तळाशीं एक पाचर असते. बोल्ट कसला कीं पाचर वर ओढली जाऊन दांडा नळींत घट्ट बसतो. हँडल वर घ्यावयाचें असल्यास पान्ह्यानें बोल्टाचे दोन आटे सैल करावे, त्याच्या माथ्यावर लांकडाचा ठोकळा ठेवून एक टोला द्यावा, म्हणजे पाचर सुटते व दांडा हवा तितका वर येतो. ब्रेकच्या सळया तेवढ्या पुन्हां जुळवून घ्याव्या लागत. दांड्यावर एक आडवी रेघ कोरलेली असे. ती रेघ बाहेर दिसूं लागेल इतका दांडा वर काढूं नये, काढला तर नळींत त्याची पकड पुरेशी राहात नाहीं व भर रस्त्यांत हँडल हातांत येण्याचा संभव असतो, असें वडील दरवेळीं बजावीत.

माजघराच्या दाराच्या चौकटीवर वडिलांनीं पेन्सिलीनें दोन रकाने आंखले होते. एकांत दर गुढीपाडव्यास मुलांची उंची मांडली जाई. दुसऱ्यांत त्या त्या मुलासाठीं हँडल किती उंच ठेवावयाचें ती खूण असे. मूल वाढलें कीं हँडल वाढे. पाऊण तास भांडण्याजोगें त्यांत कांहीं नव्हतें, पांच मिनिटांचें काम होतें. देहाप्रमाणें यंत्र बदलावें, यंत्राप्रमाणें देह नव्हे, हें तत्त्व आम्ही त्या चौकटीपाशीं शिकलों होतों. शिकलेलें विसरण्यास मात्र पैसा हातीं यावा लागतो.

तो 2016 सालीं आला. ज्या पनवेलची नगरपालिका 1852 सालची, ती त्या वर्षीं 1 ऑक्टोबरला महानगरपालिका झाली. गांव बढतीस चढलें, तेव्हां आपणही चढावें असें वाटून म्हणा, किंवा चौपन्नावें वर्ष लागल्यामुळें म्हणा, आम्ही शर्यतीच्या धर्तीची एक सायकल विकत घेतली. वजनाला हलकी, चाकांना बारीक, आणि हँडल मेंढ्याच्या शिंगांप्रमाणें खालीं वळलेलें. सौभाग्यवतींनीं किंमत ऐकून एवढेंच विचारलें, “हिला घंटी नाहीं?”

या नव्या सायकलींत जुनी रचना उलटी झाली आहे. पुढचें चाक धरणारा जो दुपायी चिमटा, त्याच्या माथ्यापासून एक नळी निघून सांगाड्याच्या पुढच्या भागांतून वर येते. कारागीर तिला स्टिअरर म्हणतात. पूर्वीं हँडल हिच्या पोटांत शिरे. आतां हँडल धरणारा आडवा तुकडा, ज्यास स्टेम म्हणतात, तो हिला बाहेरून मिठी मारतो. स्टेमच्या खालीं, बांगड्या चढवाव्या तशा, नळीभोवतीं कड्या चढविलेल्या असतात. जितक्या कड्या स्टेमखालीं, तितकें हँडल उंच. कड्या काढून स्टेम खालीं सरकविला, तर तितकी नळी वर उघडी राहते. ही उघडी राहिलेली नळी म्हणजेच आमची शेंडी. ती दिसूं नये म्हणून लोक करवतीनें कापून टाकतात.

हँडल खालीं घेण्याचा हा मोह निव्वळ नटवेपणाचा आहे असेंही नाहीं. सपाट रस्त्यावर वेगानें जाणाऱ्या सायकलस्वाराचा मोठा शत्रु हवा हाच होय. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला कीं विरोध चौपट, आणि त्यास तोंड देण्यास लागणारी शक्ति आठपट होते. म्हणून जो वांकेल, तो जिंकेल. 1989 सालच्या फ्रान्सच्या सुप्रसिद्ध शर्यतींत शेवटच्या दिवशीं व्हर्साय ते पॅरिस असें साडेचोवीस किलोमीटरांचें अंतर उरलें असतां अमेरिकेचा ग्रेग लेमाँड हा फ्रान्सच्या लोराँ फिन्याँच्या पन्नास सेकंद मागें होता. लेमाँडनें कोपरें टेकून दोन्ही हात पुढें जवळ घेतां येतील असें नवें हँडल बसविलें होतें. तीन आठवड्यांची ती शर्यत त्यानें अखेर आठ सेकंदांनीं जिंकली. हें वर्णन वाचून आमच्या मनानें घेतलें कीं, कर्नाळ्याच्या रस्त्यावर आमच्या आणि कीर्तीच्या मध्यें कांहीं उभें असेल, तर त्या तीन सेंटिमीटरांच्या कड्याच!

दुकानदार अनुभवी गृहस्थ होता. तो म्हणाला, “साहेब, आधीं कड्या वर टाकून महिनाभर चालवून बघा. नळी कुठें पळून जात नाहीं.” परंतु स्टेमवर निघालेली ती नळी आम्हांस मुंज झालेल्या बटूच्या घेऱ्यासारखी दिसली. आम्हीं ती कापण्याचा हुकूम केला. करवत दोन मिनिटें चालली. कापलेला तुकडा त्यानें कागदांत गुंडाळून आमच्या हातीं दिला. तो आम्हीं घरीं आणून अडकित्त्याच्या डब्यांत टाकला आणि विसरलों.

पहिलीं कांहीं वर्षें सुखांत गेलीं. पाठ दुखे, पण ती वेगाची किंमत असें आम्ही समजत होतों. 2022 च्या पावसाळ्यानंतर मात्र एक नवी गोष्ट जाणवूं लागली. कर्नाळ्याहून परत आलों कीं डाव्या हाताची करंगळी व तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर होई. आरंभीं घटकाभर, मग दुपारपर्यंत, मग दुसऱ्या दिवशींही. एके सकाळीं सदऱ्याचें बटण लावतां येईना. बोटें दिसत होतीं, पण बटण त्यांना कळत नव्हतें. आम्ही पाठ फिरवून उभे राहिलों. पण सौभाग्यवतींच्या तें ध्यानांत आलें. त्यांनीं कांहीं न बोलतां पुढें येऊन बटण लावलें. त्या दिवशीं आम्हांस प्रथमच भय वाटलें.

डॉक्टरांनीं मनगट दाबून पाहिलें आणि विचारलें, “सायकल चालवतां काय?” तळहाताच्या करंगळीकडील कडेला, मनगटापाशीं, एक अरुंद मार्ग आहे. गुयॉन नांवाच्या फ्रेंच शल्यवैद्यानें त्याचें वर्णन 1861 सालीं केलें, म्हणून तो त्याच्या नांवानें ओळखला जातो. त्यांतून करंगळीची मज्जा जाते. हँडल खालीं असलें कीं धडाचा भार बैठकीवरून सरकून तळहातांवर येतो, आणि तासन् तास ही मज्जा दाबली जाते. वेळींच दाब काढला तर ती बहुधा सांवरते. न काढला तर पंजाचे बारीक स्नायु झिजतात. दीड महिना सायकलीस हात लावूं नये, पुढें मऊ गादीचे हातमोजे वापरावे, सीटचें नाक खालीं झुकलेलें असल्यास समपातळींत आणावें, आणि मुख्य म्हणजे हँडल वर घ्यावें, असें त्यांनीं सांगितलें. “घेतां येत नसेल, तर सायकल सोडा.”

आम्ही घरीं येऊन सायकलीपुढें बसलों. हँडल वर घ्यावयाचें तें कशावर? वर नळीच नव्हती. अडकित्त्याच्या डब्यांतून तो तुकडा काढला आणि पट्टी लावून मोजला. बरोबर तीन सेंटिमीटर. सोनाराकडे गेलेलें डाग देऊन जोडतां येतें. ही नळी मात्र जोडतां येत नाहीं, कारण हिच्यावर चालविणाऱ्याचा जीव टांगलेला असतो. चिमटा समूळ नवा घेणें हा एक मार्ग होता, पण तो महाग. मग आम्हीं दुसरा धरला. बहुतेक स्टेम नळीशीं काटकोनांत नसून सहा अंशांचा कल घेऊन असतात. ते उलटे बसविले कीं खालचा कल वरचा होतो. दहा सेंटिमीटरांचा स्टेम असा उलटला तर हँडल सुमारें दोन सेंटिमीटर वर येतें. तेवढ्यानें भागलें नाहीं, तेव्हां नऊ सेंटिमीटरांचा, सतरा अंश कलाचा स्टेम आणून वर तोंड करून बसविला. जवळजवळ तीन सेंटिमीटर उंची मिळाली! जी तीन सेंटिमीटर आम्हीं दोन मिनिटांत फेंकून दिलीं, तीं परत मिळविण्यास सात आठवडे, एक डॉक्टर व नवा स्टेम खर्ची पडला. हँडल दोन-अडीच सेंटिमीटर जवळ आलें तें निराळेंच. पण तें आमच्या वयास मानवलें. सायकल आतां मान वर केलेल्या उंटासारखी दिसते. दोन महिन्यांनीं बोटांत जाण आली, आणि सदऱ्याचें बटण आम्ही स्वतः लावूं लागलों.

यानंतर 2024 चा दसरा आला. आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा तेव्हां सतरा वर्षांचा होता. बंधु आज नाहींत. मुलगा आमच्याच मांडीवर वाढला. बारावीच्या वर्षीं सायकल कसली, असें वहिनींचें म्हणणें. तरी त्याच्या वडिलांची हौस आठवून आम्हीं त्यास चांगली सायकल घेऊन दिली. दुसऱ्याच दिवशीं तो म्हणाला, “काका, स्टिअरर कापून आणतों. सगळ्या कड्या काढून टाकायच्या आहेत.”

आम्हीं नको म्हटलें. त्यानें कारण विचारलें. आम्हीं कारण सांगितलें. आणि येथें आमची चूक झाली, कारण सतरा वर्षांच्या मुलास साठी गांठलेल्या माणसाची करंगळी दाखवून कांहीं पटत नसतें. तो म्हणाला, “तुमचं वय निराळं, माझं निराळं. आणि सायकल माझी आहे ना?” शेवटचें वाक्य घरांत बराच वेळ घुमत राहिलें. आमच्या घरांत सायकल एकट्याची कधींच नव्हती. आणखी मागें एक न बोललेलें वाक्य होतें, तें आम्हांसही ऐकूं आलें: बाबा असते, तर त्यांनीं नाहीं म्हटलें नसतें. दोन दिवस तो आमच्याशीं बोलला नाहीं. आजोबांच्या शेंडीचा अबोला या घरांत असा पुन्हां आला.

तिसऱ्या दिवशीं रात्रीं जेवणें झाल्यावर झोंपाळ्यावर सभा भरली. आम्हीं डब्यांतला तुकडा आणून त्याच्या हातावर ठेवला व नाशिकच्या महाजन बंधूंची गोष्ट सांगितली. हितेंद्र व महेंद्र हे दोघे डॉक्टर बंधु 2015 सालीं अमेरिका आडवी पार करण्याच्या शर्यतींत उतरले आणि आळीपाळीनें सायकल चालवून सुमारें 4800 किलोमीटरांचें अंतर त्यांनीं नऊ दिवसांच्या आंत तोडलें. ती शर्यत पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ. याच शर्यतींत 1983 सालीं मायकेल शर्मर नांवाच्या स्वाराच्या मानेचे स्नायु इतके थकले कीं त्याला डोकें वर धरवेना. त्या विकारास आजही त्याचेंच नांव आहे. शर्यत वांकल्यानें जिंकतां येते हें खरें, पण वांकून किती वेळ राहतां येतें यावर ती पुरी होते.

मुलानें ऐकलें, पण हट्ट सोडला नाहीं. तेव्हां वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, त्याला हँडल खालीं हवं आहे, आणि तुम्हांला नळी कापायला नको आहे. या दोन गोष्टी एकच आहेत का?”

आम्ही निरुत्तर झालों. त्या एक नव्हत्याच! दुकानदारानें आठ वर्षांपूर्वीं हेंच सांगितलें होतें. त्याच रात्रीं पडवींत दिवा लावून आम्ही दोघे कामास बसलों. प्रथम स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट सैल केले, मग नळीच्या माथ्यावरील टोपणाचा बोल्ट काढला. एकानें चिमटा धरून ठेविला, नाहीं तर तो खालीं सटकतो. सगळ्या कड्या उतरवून स्टेम तळाशीं बसविला आणि त्याच कड्या स्टेमच्या वर चढविल्या. नळीचें टोंक सर्वांत वरच्या कडीच्या कांठापासून सुमारें तीन मिलिमीटर खालीं राहिलें पाहिजे; तें कांठाशीं आलें तर टोपण नळीवरच टेंकतें आणि खालचे छर्रे सैल राहतात. टोपणाचा बोल्ट हँडल धरून ठेवीत नाहीं, तो फक्त छर्ऱ्यांवरील ढिलाई काढतो. म्हणून तो बेतानेंच आंवळला. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागें-पुढें हलविली, खडखड नाहीं व हँडल मोकळें फिरतें अशी खात्री केली, हँडल चाकाशीं काटकोनांत आणलें, आणि मग बाजूचे बोल्ट आळीपाळीनें, त्यांवर लिहिलेल्या मापापर्यंत कसले. कार्बनची नळी असेल तर हें माप कटाक्षानें पाळावें, आणि किती उंचीपर्यंत कड्या चालतील याची कारखान्यानें दिलेली मर्यादाही ओलांडूं नये.

वीस मिनिटांत काम झालें. हँडल त्याला हवें होतें तेथें खालीं, नळी आम्हांस हवी होती तशी अखंड. वर तीन सेंटिमीटर कड्यांचा बुंधा. मुलानें त्याकडे पाहिलें आणि तो हंसला. “काका, सायकलला शेंडी ठेवलीत!” दोन दिवसांचा अबोला त्या हंसण्यानें मोडला. आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, पुढच्या दसऱ्यालाही असेंच वाटलें, तर कापून आण. करवत आम्ही धरूं.

बारावीची परीक्षा झाल्यावर तो मित्रांसह खोपोलीस गेला, आणि शिंगरोबाच्या देवळापर्यंत बोरघाट चढून आला. संध्याकाळीं जेवतांना मान वारंवार चोळीत होता. वहिनींनीं विचारलें, तर कांहीं नाहीं म्हणाला. आम्हींही विचारलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहांटे पाणी तापवावयास उठलों, तों पडवींत षट्कोनी किल्लीचा बारीक आवाज येत होता. आम्ही परत फिरलों. उजाडल्यावर पाहिलें, तर शेंडी तीन सेंटिमीटरांवरून एकीवर आली होती. दोन सेंटिमीटरांच्या कड्या मुकाट्यानें स्टेमखालीं गेल्या होत्या.

घराघरांतून आतां मुलांना अशा सायकली येत आहेत. आईबापांस आमचें एकच सांगणें आहे. दुकानांत “कापूं का?” असें विचारतील, तेव्हां “आज नको” म्हणावें. मूल वाढतें आहे, बाप वांकतो आहे, आणि सायकल दोघांहून अधिक काळ टिकणारी आहे. मनासारखें हँडल खालीं घ्यावें, वर्षभर चालवावें. कापण्यास पुढें जन्म पडला आहे.

त्याच दुपारीं माजघरांतून जातां जातां आमची दृष्टि दाराच्या चौकटीवर गेली. वडिलांच्या हातच्या पुसट झालेल्या खुणांच्या शेजारीं, हँडलच्या रकान्यांत, पेन्सिलीची एक ताजी रेघ होती. ती कोणीं ओढली, हें आम्हीं अजून विचारलेलें नाहीं.